कपाळापर्यंत उतरलेला फोटो

पहिलंच सांगून ठेवतो. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी माझ्या दुकानाच्या पायरीवर कधी बसू दिलं न्हाई. ऊठ म्हणायचो, गिऱ्हाइकाला जागा दे. आज तसलीच गोष्ट मी लिहून राहिलो, याची माझी मलाच शिसारी येते. पण नात म्हणाली, आबा, ह्या ग्रुपवर लोक खरं लिहितात. खरं काय लिहितात... निम्म्यांच्या गोष्टीत पांढरी साडी! माझ्या गोष्टीत साडी न्हाई. चौथी शिकलोय, एका बोटानं टाइप करतो. चुका काढू नका.

गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. स्टँडच्या रोडवर माझं एसटीडीचं बूथ होतं. बाकीचे बूथवाले जेवायची वेळ झाली की ‘लाईन गेली’ म्हणून गिऱ्हाईक हाकलायचे. आमच्याकडं लाईन म्हणजे वीज बी अन् लाईन म्हणजे फोन बी, त्यामुळं हे खोटं लई सोपं. कोणती गेली कोण विचारतंय? पण मी खोटं ‘लाईन गेली’ उभ्या जन्मात म्हटलं न्हाई. हे छातीवर हात ठेवून सांगतो.

मग इंटरनेट निघालं. नांदेडहून एक टायवाला आला अन् कॉम्प्युटरच्या बाजूला एक डबा, मोडेम म्हणे, बसवून गेला. डब्यावर लिहिलेलं – छप्पन. “काका, छप्पनची स्पीड हाय!” थू. असे छप्पन पाहिलेत मी, पण डब्यातलं छप्पन कधी दिसलं न्हाई. चालू केलं की आधी कुईं कुईं, मग खर्रर्र... जात्यात मांजर सापडल्यावानी. मग पडद्याच्या कोपऱ्यात दोन चिमुकल्या टीव्हींचं चित्र लुकलुकायचं अन् गिऱ्हाईक जांभया देत बसायचं. टायवाल्याला धरलं तर म्हणतो, “काका, ते छप्पन आठानं भागायचं असतंय.” म्हणजे सात. अरे, सात तरी दे! यायची तीन. आभाळ आलं की दोन. मी पोत्यावर छप्पन किलो हळद लिहून आत तीन किलो भरली असती, तर लोकांनी मला चौकात जोड्यानं मारलं असतं. ह्याला मात्र टाय.

आमची लेक शोभा तवा मस्कतला होती, जावई तिथं क्रेनवर. तिला पहिली पोरगी झाली. जावयांनी इंटरनेटवर लेकराचा फोटो पाठवला. माझी बायको गयाबाई बूथमधल्या स्टुलावर येऊन बसली. फोटो वरून खाली उतरायचा, रंगारी भिंतीला पट्टा मारतो तसा. आधी मागचा पडदा आला. मग लाल टोपडं. मग कपाळ, कपाळावर काजळाची तीट.

“अहो, डोळे कवा येतील?”

“येतील. तीनची स्पीड हाय, दम धर.”

भुवया यायच्या आत लाईन गेली. दोन्ही लाईनी. वीज तासाभरात आली. फोनची केबल रस्ता खोदणाऱ्यांनी तोडली होती, ती पावसाळा सरेपर्यंत कोणी जोडली न्हाई. तेवढ्यात तिकडं लेकरू तापानं गेलं. शोभानं होते तेवढे फोटो फाडले, मशीनमधले पुसले. घरात कोणी तिला त्याबद्दल विचारलं न्हाई. गयाबाईजवळ राहिलं फक्त कपाळ.

बूथ बंद पडलं. कॉम्प्युटर अन् तो डबा हळदीच्या पोत्यांमागं गेला. फोनची तार मीच भिंतीपाशी कापली अन् कारल्याच्या वेलाला बांधली. गयाबाईचे डोळे काचबिंदूनं गेले. आता तिला उजेड कुठं हाय तेवढंच कळतं.

यंदा हळद निघाल्यावर ती खोली रिकामी करायला काढली. भंगारवाला रफिक आला. कॉम्प्युटरला टिचकी मारून म्हणतो, “चाचा, ये तो कब का मर गया.”

“माझी वस्तू मेली का जिती, हे तू सांगणार?” मी म्हटलं अन् पीन लावली. भर दुपार होती, पत्रा तापलेला. पडदा उजळला. आतून भराभरा झुरळं निघाली, पालीच्या अंड्यांची टरफलं गळाली, अन् जळक्या हळदीचा वास सुटला.

ओसरीतून गयाबाईचा आवाज आला. “अहो, लाईन आली का?”

“सकाळपासून हाय की!”

“ती न्हाई. फोनची.”

तवा मला बी ऐकू आलं. कुईं कुईं... खर्रर्र.

रफिक डब्याची वायर गुंडाळत होता. त्यानं ती वर धरून दाखवली. “चाचा... तार तो मेरे हाथ में है.”

कोपऱ्यात ते दोन टीव्ही लुकलुकू लागले. पडद्यावर टोपडं, कपाळ, तीट... अन् तिच्या खाली एक पट्टी सरकली. भुवई. मला सगळ्यात जास्त घाण कशाची वाटली सांगू? एवढ्या वर्षांनी येऊन राहिला, बिनतारेचा येऊन राहिला, तरी स्पीड तीनच!

रफिक तराजू टाकून पळाला. गयाबाई भिंत चाचपत आत आली. “काय उतरून राहिलं?”

पाहिजे होतं तवा ह्या डब्यानं दिलं न्हाई. हिचे डोळे गेल्यावर देऊन राहिला. असल्या उशिराची किळस येते मला. मी पीन उपटायला हात घातला.

“हात लावू नका,” गयाबाई म्हणाली. ह्या बाईनं मला आजवर असं दरडावलं न्हाई. “मला सांगा.”

मी सांगितलं. डोळे उघडे हायेत. मोठे हायेत, शोभावानी. नाक बसकं. व्हय, तुझ्यावानीच. ओठ मुडपलेत, आता रडंल असं वाटतं. हनुवटीला खळी.

“हातात काय हाय?”

हात अजून उतरायचे होते. थांबलो. मग मुठी आल्या. “मनगट्या हायेत. काळ्या मण्यांच्या, मधी एक-एक पांढरा.”

ती खालीच बसली. “मीच ओवल्या होत्या. मस्कतला निघाले तवा जावयांच्या पिशवीत गुपचूप टाकल्या होत्या... तुमाला सांगितलं नव्हतं.”

फोटो पुरा झाला. जरा वेळ राहिला. मग पडदा काळा पडला, तो कायमचा.

नात कॉम्प्युटरचंच शिकते. म्हणाली, आबा, फोटो आधीच पुरा आत साठला असंल. म्हटलं, मग आवाज कशाचा? तार कुठं होती? तर म्हणे, भास. वा! रफिकला बी भास, अन् मनगट्यांचा बी भास? त्या मला माहीत तरी होत्या का? दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं नारळ-अगरबत्ती घेऊन हजर. मी सगळ्यांना पायरीवरून हाकललं. त्या घाणेरड्या डब्याची पूजा करता? हे काय होतं, मला कळलं न्हाई. ज्याला कळलं असंल त्यानं सांगावं, फक्त छप्पन-बिप्पन सांगू नये.

आता रोज दुपारी जेवण झालं की गयाबाई म्हणते, “सांगा.” मी सांगायला लागतो. टोपडं. तीट. डोळे. मी भरभर बोलणारा माणूस, ती मला अडवते. “सावकाश. तीनच्या स्पीडनं.” नाक सांगतो, ओठ सांगतो, हनुवटी. मुठींपाशी आलो की ती माझा हात धरते. “बास. आता लाईन गेली म्हणा. बाकीचं उद्या.”

उभ्या जन्मात जे खोटं बोललो न्हाई, ते आता रोज बोलावं लागतं. मला त्याची बी शिसारी येते. तरी म्हणतो.

“गेली लाईन.”