विटा कुठल्या बाजूला

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे हसायला सोपं जाईल. दरवर्षी लाल-निळ्या खडूने फळ्यावर हृदय काढायचं आणि सांगायचं, "पायाकडे रक्त जातं तो उतार, परत येतं तो चढ. ते खाली घसरू नये म्हणून पायांतल्या शिरांना झडपा असतात."

उभ्याने हे शिकवून शिकवून माझ्याच झडपा सैल पडल्या. पोटरीवर निळ्या गाठींच्या वेली चढल्या, घोट्याजवळची कातडी काळपट झाली, खाजली. मी खाजवली आणि तिथे जखम झाली. रुपयाएवढी होती, पण भरायचं नाव घेईना. शाळा सुटल्यावर मुंबईबाहेर गोखिवऱ्याला आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढायचं, लिफ्ट नाही. टँकरच्या दिवशी दोन्ही हातांत बादल्या. संध्याकाळी तो पाय माझा वाटायचाच नाही. कुणी तरी ठेवायला दिलेलं आणि परत न्यायला विसरलेलं ओलं पोतं वाटायचं.

आमचे डॉक्टर जवळच्या उमेळ्याचे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातले. जखम बघून म्हणाले, "सर, रक्ताला घरी परतायची वाट सोपी करा. दिवसभर हा पट्टा बांधा, आणि झोपताना पाय छातीपेक्षा वर. पलंगाच्या पायथ्याशी दोन-दोन विटा घाला. नाताळपर्यंत भरली नाही तर शीर काढायला मुंबईला पाठवीन."

शीर काढायची म्हणताच मी पट्टा तिथल्या तिथे बांधून घेतला. बेडूक कापायच्या तासाला मी स्वतः खिडकीशी उभा राहून मुलांना "हं, पुढे" म्हणणारा मास्तर.

विटांना तोटा नव्हता, चारी बाजूंना इमारतीच उठत होत्या. अडचण पलंगाची. खोली एवढीशी, म्हणून पलंगाची उत्तरेकडची बाजू भिंतीवरच्या टीव्हीच्या कपाटाखाली सारलेली. ती उचलली की कपाटाला अडायची. मग विटा घातल्या दक्षिणेला, खिडकीच्या बाजूला, आणि उशी नेली कपाटाखाली. डोक्यावर टीव्ही, पाय खिडकीकडे, सगळं रक्त मेंदूत. मान अवघडायची, पित्त वर यायचं, झोप कसली येते! पण जखमेच्या कडा आवळायला लागल्या.

गणपती झाल्यावर आई गावाहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने पलंगाकडे बघितलं.

"दक्षिणेला पाय करून झोपतोस?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी दिशा सांगितली?"

दिशा सांगितली नव्हती, हे खरं. तिच्याशी वाद घालण्याएवढा जीव माझ्यात उरला नव्हता. मी मार्ग काढला, आणि तोही मोठ्या रुबाबात: उशी उचलली आणि खिडकीकडे टाकली. पाय उत्तरेला गेले, आई शांत झाली. बायको आणि आई खाली गादीवर झोपायच्या. मी वर, घोरत. वा! मानेची कळ गेली, पित्त गेलं. "गुण आहे हो डॉक्टरांच्या हाताला," असं मी बायकोला दोनदा तरी सांगितलं असेल.

जखम मात्र पसरायला लागली. डॉक्टर चक्रावले. "पट्टा बांधता?" बांधतो. "विटा आहेत?" आहेत. "मग सर, मुंबईची तयारी करा."

त्याच सुमाराला आईला चक्कर आली. तिला जिना उतरवणार कोण, म्हणून डॉक्टरच घरी आले. तिला पलंगावर बसवून रक्तदाब मोजता मोजता त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"सर, उशी इथे कशी?"

"झोपतो ना मी."

"आणि विटा?"

"त्या काय, खालीच."

त्यांनी वाकून बघितलं. सरळ झाले. "म्हणजे रोज रात्री डोकं वर आणि जखम खाली?"

बायको म्हणाली, "अहो, आणि तुम्ही शाळेत हेच शिकवता ना?" आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मीही हसलो असतो. पण आई हसली नाही.

डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबांना ओटीवर तसं ठेवलं होतं. पाय दक्षिणेला. आल्या आल्या पलंग बघून तूच तसा दिसलास रे." मी दिशांच्या अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकलो असतो. पण मी हात घालायच्या आत तिनेच उशी उचलली आणि कपाटाखाली ठेवली. "झोप. पाय आधी."

त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. त्याच कुशीवर तिचा खांदा दुखायचा, तरी वळायची नाही. मी टीव्हीखालून तिची पाठ बघत पडायचो.

रविवारी सुताराला बोलावलं. त्याने कपाट हातभर वर चढवलं, अर्ध्या सकाळचं काम. "आधीच का नाही केलंत?" त्याने विचारलं. दमलो होतो. दमलेला माणूस कपाट हलवत नाही, उशी हलवतो. विटा उत्तरेला आल्या, उशी खिडकीशी. आईने पलंगाला एक फेरी मारून खात्री करून घेतली आणि दुपारीच माझ्याकडे तोंड करून आडवी झाली.

जखमेवर सावकाश कातडी धरली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नाताळला डॉक्टरांनी घरचा केक दिला, मुंबईचं नाव काढलं नाही. विटा मात्र जन्मभर ठेवायला सांगितल्या. घरी येऊन मी आईपुढे पाय केला. तिने चष्मा लावून घोटा बघितला, मग पलंगाखाली वाकून विटाही बघितल्या.

"विज्ञानाचा मास्तर," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.