चित्रात कुणी दार वाजवलं?

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथले अनुभव वाचून "पित्त झालं असेल" अशा कमेंट टाकणारी मीच. तरी आज लिहितेय...

आम्ही टोकियोत, फुनाबोरीला राहतो. मागच्या वर्षी सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) पुण्याहून आल्या होत्या. तीस वर्षं सतार शिकवलेली बाई, पण एका आजारात दोन्ही कान गेले. पार. मी मोबाईलवर लिहून दाखवायचे, त्या बोलायच्या.

एका दुपारी त्यांना उएनोला म्युझियममध्ये नेलं. तिथे सतराव्या शतकातलं एक डच चित्र होतं — घरगुती बैठक, ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारी बाई, शेजारी व्हायोलिनवाला, बाकीचे पत्ते खेळतायत. आई तिथून हलेचनात. पर्सवर बोटांनी ताल धरलेला.

"तिची एक तार उतरलीय गं."

मला वाटलं, गंमत करतायत. तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला.

"थांबले सगळे. कुणीतरी दार वाजवतंय... उघडत का नाहीत?" माझं मनगट घट्ट धरलं. "घरी चल. आत्ता!"

ट्रेनमध्ये सारखं एकच — "अजून वाजतंय गं."

लिफ्टमधून उतरल्या त्या थेट शेजारच्या सातो-सानच्या दाराशी. सातो-सान ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच राहायच्या.

"इथंच," आई म्हणाल्या.

मी दाराला कान लावला. शांतता. बेल दाबली — उत्तर नाही. सकाळचा पेपर दारात तसाच अडकलेला. मग मात्र मी धावत जाऊन केअरटेकरला आणलं. "बाहेर गेल्या असतील," म्हणत तो किल्ली लावेना. आई मराठीतच ओरडल्या, "उघडा हो!" आणि त्याने उघडलं.

सातो-सान स्वयंपाकघरात पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. आदल्या संध्याकाळपासून.

वाचल्या. दोन आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं, तुम्ही दार वाजवत राहिलात."

त्यांनी उशीवरून मान उचलली.

"मी? जोशी-सान, माझा हात अंगाखाली अडकला होता. आवाजही फुटत नव्हता. दार मी वाजवत होते... पण मनातल्या मनात."

पुण्यात आईंचे कान पुन्हा तपासले. काहीही ऐकू येत नाही. मग त्या दिवशी त्यांनी ऐकलं ते कशाने? मला अजून कळलेलं नाही.