लेथवरची पाठवणी

चिकलठाण्याच्या माझ्या वर्कशॉपात वर्षानुवर्षं लेथ चालवलेल्या वयस्कर टर्नरला सगळे मामा म्हणतात. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे कातून तयार झालेला लोखंडी भाग, ते फडक्यानं पुसायचे, लेकीला सासरी धाडावं तसं "जा माय, सुखानं नांद" म्हणायचे आणि मगच ट्रेमध्ये ठेवायचे. पोरं चिडवायची, "मामा, हुंडा काय दिला?" मामा मान वर न करता म्हणायचे, "तुझ्यासारख्याच्या घरात देतो व्हय रं?"

दूर कुठं लढाया पेटल्या आणि मोटारसायकलच्या सुट्या भागांवर रडतखडत चाललेल्या माझ्या वर्कशॉपला तोफगोळ्यांचे भाग बनवायचं काम मिळालं. मामांनी विचारलं, "मालक, हे कशात बसतंय?"

"पंपात," मी म्हणालो. खरं सांगितलं तर ते मशीन सोडतील, ही भीती होती. तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

वर्षभर मामा त्या तुकड्यांना सुखानं नांदायला सांगत राहिले आणि मी केबिनमध्ये बसून ऐकत राहिलो. गेल्या आठवड्यात मात्र ऐकवेना. जाऊन खरं सांगितलं.

मामांनी मशीन बंद केलं. "मंग हे कुनाच्या दारात जातंय?"

"मला माहीत नाही, मामा."

"इचारलं बी नाय?"

मामा हात पुसत म्हणाले, "मला झाडलोट द्या मालक. हे आता माझ्या हातून व्हायचं नाय."

मी दिली. त्याच दुपारी त्या लेथवर दुसरा माणूस उभा केला. तो काम करताना एक शब्द बोलत नाही. आणि खरं सांगतो, मला त्याचं बरं वाटतं.