कौसाबाईचा दुसरा कागद

चामटोलीच्या कौसाबाईचा आवाज आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. ती धवलारीण, तिने गाणी म्हटल्याशिवाय आसपासच्या पाड्यांत लग्न लागत नसे, आणि ती गाऊ लागली की बँडवाले मुकाट बिडी शिलगावत. त्याचा तिला भारी तोरा होता. म्हणूनच १९९२ साली गळ्याला गाठ आली, तेव्हा बाईने ती मण्यांच्या माळांखाली खुशाल दडवली. "गाऊन गाऊन गला भरलाय," म्हणायची.

शेवटी लेक तुळशीने तिला ओढतच उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. उमा डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासलं. निघाला टीबी, छातीत नव्हे, गळ्यातल्या थायरॉईडमध्ये! सहा महिने गोळ्या गिळल्यावर गाठ बरीच उतरली, पण आत एक खडा तसाच राहिला. पुन्हा सुई. या वेळी कागदावर कॅन्सर.

हा कागद दुसऱ्याच कुणाचा, असं कौसाबाईने ठरवून टाकलं. एका गळ्यात दोन दुखणी मावतील कशी? आपला कागद मिळालेली ती दुसरी बिचारी उगाच टीबीच्या गोळ्या खात बसली असेल, या काळजीने तिने केसपेपरच्या रांगेतला एकेक गळा न्याहाळला. "बाय, तुजा कागद माज्याकं आलाय!" दोघीजणी तर रांग सोडून पळाल्या.

उमा डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो कौसाबाई, एका वाफ्यात दोन तऱ्हेचं तण येतं की नाही?"

वाफ्याचं मात्र पटलं. बाईने कागदाची घडी करून कमरेला खोचली. "मंग माजा आवाज?"

"आवाजाची नस गाठीला लागूनच आहे. जपू आम्ही. पण शब्द देत नाही."

तुळशीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. "लगीन होऊं दे, मंग कापा," कौसाबाई हटून बसली.

"तू नसशील तं माना लगीनच नको," तुळशी म्हणाली. विषय संपला.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाज बसला तो बसलाच. तुळशीच्या लग्नाच्या मांडवात कौसाबाईने तोंड उघडलं, तर नुसती फुसफुस. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मागे सरणार, तोच जाऊ जनीने तीच ओळ उचलली, मग सगळ्या बायांनी. कौसाबाई नवरीला खेटून उभी राहिली. ती ओळ पुटपुटायची आणि बाया ती मांडवभर करायच्या.

तुळशी रडता रडता हसू लागली.

"आये, गान्यात काय हाय तं माना आज पयल्यांदा समजला. तुज्या आवाजापुढं शब्द कवा आयकूच आलं नाय!"