आंबवड्यात गाडी वळवताना

वडिलांच्या मागे त्यांची जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली. दिसायला देखणी, पण स्टिअरिंग मेलं इतकं जड की भोरहून आंबवड्याच्या देवळात जाऊन आलं की खांदे भरून यायचे. देवळापुढच्या बोळात तर ती माझ्याच्यानं वळायचीच नाही. मग पारावरची माणसं उठायची आणि मागची बाजू उचलून गाडीचं तोंड भोरकडं करून द्यायची. दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी भोरच्या मेकॅनिकनं भंगारातल्या छोट्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग डॅशबोर्डखाली बसवून दिलं. वरून काही कळायचं नाही. पुढच्या खेपेला पारावर कुणी नव्हतं. मी पुढंमागं करत आरामात गाडी वळवली आणि ऐटीत दर्शनाला गेले.

बाहेर येते तर पारावर मंडळी जमलेली आणि गाडीचं तोंड पुन्हा उलट्या दिशेला!

“बाई, तुमी येस्तवर नेमीसारखी फिरवून ठिवली बगा,” पारावरचे म्हातारबाबा धापा टाकत म्हणाले.

मी आत बसले आणि सगळ्यांसमोर दोन बोटांनी चाक फिरवत गाडी वळवली.

म्हातारबाबा बघतच राहिले. मग कमरेवर हात ठेवून हळूच खाली टेकले.

“सुटलो एकदाचं!”