रिकाम्या झोपाळ्याची लय

काल माझ्या घरच्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालताना बोटांना गंजाचा वास लागला आणि दुष्काळातली नेवाशाची ती दुपार आठवली.

मी आणि दत्ता बी.एस्सी.ला होतो. त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्याच्या घरच्या ओसरीवर आम्ही लंबकाची गणितं सोडवत होतो आणि शेजारी त्यांचा झोपाळा वाऱ्याने करकरत होता.

त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हे बसलेत ना? तीच लय आहे!"

"आई, लय लांबीवर असते," दत्ता हळूच म्हणाला. "वजन सूत्रात येतच नाही. कुणी बसो, न बसो, सारखीच."

काकू झोपाळ्याकडे बघत राहिल्या. "मग इतकी वर्षं मी आतून ऐकायचे, तेव्हा तरी ते बसलेले असायचे कशावरून?"

पुढे मी जन्मभर तेच सूत्र शिकवलं. आता घरात एकटाच असतो, आणि रिकाम्या झोपाळ्याची करकर मला आतून ऐकू येते. म्हणून तेल घातलं.