बाहेरून काहीच दिसत नव्हतं

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धडगावला कार्यालयात होते. दाजी म्हणाले, "अचानकच झालं." घाट उतरणाऱ्या जीपमध्ये तो एकच शब्द डोक्यात घुमत राहिला. अचानक… महिना उलटून गेला, तरी तो मला पटत नाही.

ताई माझी थोरली बहीण, म्हसावदजवळच्या बागायतदार घरात दिलेली. तशी कुरकुरी. चहा पांचट, एसटी उशिरा, माझी साडी चुरगळलेली… तोंड सतत चालू. त्यामुळे सासरी तिचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. जेवल्यावर बरगडीखाली कळ येते, हेसुद्धा कितीतरी दिवस तिच्या कुरकुरीमध्येच जमा झालं. शेवटी पित्ताशयात खडे निघाले आणि शहाद्याला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दाजींना माझ्यासमोर बजावलं होतं, "बाहेरच्या जखमेवर जाऊ नका. पोट दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर थेट इकडे आणा."

घरी मात्र सगळ्यांनी बाहेरची जखमच पाहिली. भेटायला आलेल्या बायका पोटावरच्या इवल्याशा पट्ट्या बघून जणू हिरमुसल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमना टाइमले आखं पोट फाडेत. हाई त काहीच नई." लग्नसराईचे पाहुणे घरात होते. ताई चुलीपुढे उभी राहिली.

मग तिचा मला फोन आला. आवाज खोल गेलेला. "मन्हा पोटमा काहीतरी व्हई ऱ्हायनं. पन इठे कोन्हले दखास नई."

तिथे कुणालाच दिसत नव्हतं, म्हणून मी लगेच दाजींना फोन केला, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. ते हसले. तिची सवयच आहे, गॅस झाला असेल, म्हणाले. ताप चढला तेव्हा ओव्याचं पाणी दिलं. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे गाडी काढली. आत पित्त झिरपून पोटभर पसरलं होतं. असं क्वचित होतं, पण वेळेवर आणलं असतं तर नळी घालून ते काढता आलं असतं, एवढंच डॉक्टर मी दवाखान्यात पोचल्यावर मला म्हणाले. दाजींकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दहाव्याला मंडपात निकाल लागलेला होता. दोष दुर्बिणीचा. सरळ पोट फाडलं असतं तर वाचली असती, असं जो तो सांगत होता आणि दाजी मान डोलवत होते. मी एकदा बोलायला उठले. आमच्याच काकांनी हात धरून खाली बसवलं.

परवा पुन्हा त्या घरी गेले होते. ताई घरात सगळ्यांत उंच. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तिने तिच्या हाताला येतील असे डबे मांडून ठेवलेत. आता तिथे कुणाचाच हात पोचत नाही. सासूबाई स्टूल शोधत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तो वरना डबा काढी दे, बाई."

मी टाचा उचलल्या असत्या तर हात पोचला असता. पण मी तशीच उभी राहिले… आणि म्हणाले, "नई पोचस."